उत्तरेश्वरची गूळतुला

आमच्या कापसाच्या गोदामात आढ्याला टांगलेला एक जुना ताजवा आहे. आजोबांच्या वेळचा. सागवानी दांडी, लोखंडी साखळ्या आणि माणूस मांडी घालून बसेल एवढी दोन पारडी. कापूस आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजला जातो, त्यामुळं ताजव्याला धंद्याचं काम उरलेलं नाही. पण चकलांब्याच्या आसपास कुणाची तुला करायची असली की माणसं माझ्याकडं येतात. शिवशंकरआप्पा, ताजवा द्या. मी देत आलो. पेढ्यांनी तोललेले पुढारी पाहिले, वह्यांनी तोललेले पाहिले, एकाला तर मोसंब्यांनी तोललेलं पाहिलं. फोटोवाला समोर आला की पोट आत ओढायचं आणि फोटो निघाला की सोडून द्यायचं, ही त्यांची रीत. मला त्या जातीची शिसारी आहे आणि ती मी कधी लपवली नाही.

पण जी तुला आठवली की अजून तोंडात आंबट पाणी येतं ती पुढाऱ्याची नव्हती. ती उत्तरेश्वरची होती. निदान नावाला तरी.

उत्तरेश्वर हा छबुबाईचा धाकटा मुलगा. थोरला अभिमन्यू. घरची बागायत, दारात ट्रॅक्टर. बाप लवकर गेला तरी खायची ददात नव्हती. अभिमन्यू लहानपणापासून माणसं जमवणारा आणि उत्तरेश्वर वस्तू उघडणारा. रेडिओ, पंखा, विहिरीवरची मोटर, हाताला लागेल ते उघडायचा आणि पुन्हा जोडून चालू करून द्यायचा. आयटीआय करून तो परळीला गेला आणि पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या एका दुकानात लागला. सुट्टीला गावी आला की घरी जायच्या आधी माझ्या गोदामाच्या दारात उभा राहायचा आणि विचारायचा, “आप्पा, भाव काय चाललाय?” त्याला कापूस विकायचा नसायचा. भाव ऐकायला आवडायचं, एवढंच. मी भाव सांगितला की मान डोलवून घरी जायचा.

पंचविशीत असताना त्याचं बिनसलं. दुकानाच्या मालकानं आणून सोडलं तेव्हा त्याची गालफडं बसली होती आणि सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. विजेच्या तारांतून लोक आपल्याबद्दल बोलतात, असं तो सांगायचा. एक दिवस त्यानं घरातले सगळे बल्ब काढून उकिरड्यात पुरले. जेवायचा नाही. झोपायचा नाही. छबुबाईनं आधी व्हायचे ते सगळे प्रकार केले. अंगारा झाला, धुपारा झाला, उतारा झाला, आणि एका भगतानं तर त्याच्या पाठीवर वेताचे वळ उठवले. शेवटी तिनं गावच्या मारुतीपुढं पदर पसरला. “लेकरू मानसात येऊ दे. त्याच्या भारोभार गूळ तुझ्या पायाशी ठिवीन.”

त्याच आठवड्यात माझ्या पिकअपमधून त्याला बीडला डॉक्टरांकडं नेलं. मनाच्या आजाराचे डॉक्टर. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. आता मारुती पावला की गोळी पावली हा वाद मी घालत नाही, छबुबाईनं दोघांनाही मानलं. दोन-चार महिन्यांत उत्तरेश्वर गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आप्पा, भाव काय चाललाय?” मी गादीवरून उठून त्याला मिठी मारायचा तेवढा राहिलो.

त्या गोळ्यांनी त्याला भूक मात्र राक्षसासारखी दिली. पाच भाकरी खाऊन उठायचा आणि घटकेनं पुन्हा चुलीपाशी जायचा. झोपही खूप यायची. सालभरात तो दुप्पट झाला. दंड सुजल्यासारखे दिसायला लागले, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली, पँटला नाडी घालावी लागली. त्याची त्यालाच लाज वाटायची. पण माणूस शाबूत होता! वस्तीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, आईला दवाखान्यात न्यायचा, गोदामात पोत्यावर बसून माझ्याशी वाद घालायचा. तारांतले लोक गप्प झाले होते.

गावाला हे पुरत नाही. गावाला दिसतं ते पोट. पारावरची पोरं त्याला रोडरोलर म्हणायची. बसमध्ये कंडक्टर म्हणायचा, दोन तिकिटं घ्या. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हा आमच्याकडचा सगळ्यात जुना खेळ. आणि सख्खा भाऊ चारचौघांत म्हणायचा, “आमचा उत्र्या म्हंजे खायाला काळ अन् भुईला भार.” हसायचे सगळे. उत्तरेश्वरही हसायचा, आणि हसून झालं की सदरा पोटावरून खाली ओढायचा. ते ओढणं पाहिलं की मला हसणाऱ्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटायचं.

छबुबाईचा नवस तसाच राहिला होता. ती दर यात्रेला अभिमन्यूला म्हणायची, देवाचं राहिलंय बाबा. तो म्हणायचा, बघू. अशी वर्षं गेली. मग निवडणुकीचे वारे सुटले, अभिमन्यूला उभं राहायचं होतं, आणि अचानक त्याला देव आठवला.

दिवाळी झाल्यावर तो माझ्याकडं आला. बरोबर हरिओम होता. हरिओमचं काम एकच, दादा बोलले की मान डोलवायची आणि दादा गप्प बसले की दादांच्या मनातलं बोलायचं.

“आप्पा, हनुमान जयंतीला ताजवा पायजे,” अभिमन्यू म्हणाला. “आईचा नवस फेडायचा. मंडप टाकू, पंचक्रोशीला जेवण देऊ. भावासाठी काय करतो मानूस, ते लोकायला कळू द्या.”

“चांगलं हाय की,” मी म्हणालो.

तेवढ्यात हरिओम खाकरला. “दादा, राग येऊ देऊ नका. पन उत्रेश्वरभाऊ ह्या असल्या अंगानं पारड्यात बसले तर फटू कसा यील? समोरचे म्हनतील, टँकरचं पानी गावाला मिळालं न्हाई, ह्यांच्या भावानंच पिलं.”

मला वाटलं अभिमन्यू त्याच्या कानाखाली काढेल. त्यानं विचार केला! गोदामाच्या दाराशी उभं राहून, सख्ख्या भावाच्या मांसाचा हिशेब केल्यासारखा विचार केला आणि म्हणाला, “गोळ्यांनी सुटलाय त्यो. गोळ्या बंद केल्या की उतरतंय.”

“अभिमन्यू, तसल्या गोळ्या आपल्या मनानं बंद करत नसतेत,” मी म्हणालो.

“मनानं कावून करीन आप्पा? डॉक्टरला इचारलंय. त्येच म्हनले, आता लई वर्षं झाली, गरज न्हाई.”

मी छबुबाईलाही जाऊन विचारलं. ती भोळी बाई म्हणाली, “डॉक्टरनं सांगितलंय म्हनं. अभिनं माझ्या गळ्याची आन घेतली.” आईच्या गळ्याची शपथ घेतलेल्या माणसाला खोटं ठरवायला माझ्याकडं काही नव्हतं.

गोळ्या बंद झाल्या. गरज सरो, वैद्य मरो.

पहिले काही आठवडे उत्तरेश्वर सुखात होता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याची झोपाळू नजर उघडली. भूक माणसाएवढी झाली. तो सकाळी कालव्यापर्यंत चालत जायला लागला. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आला तेव्हा पँटला पट्टा होता. “आप्पा, लई हलकं वाटतंय,” म्हणाला, आणि पोटावर थाप मारून दाखवली. मलाही बरं वाटलं. बिचाऱ्यानं किती वर्षं ते ओझं वागवलं होतं.

आणि गाव? ज्या तोंडांनी रोडरोलर म्हटलं तीच तोंडं आता गोड झाली. काय उत्रेश्वरभाऊ, एकदम हिरोच की! काय खाता, आमाला बी सांगा. बायका छबुबाईला म्हणायच्या, लेकराच्या अंगावर तेज आलं बघा, आता सोयरीक बघायला हरकत न्हाई. हरिओम त्याचे फोटो काढून मोबाईलवर फिरवायचा, आधीचा एक आणि आताचा एक, शेजारी शेजारी. अभिमन्यू तर असा मिरवायचा की जणू त्यानं स्वतः भाऊ तासून काढला होता.

माघ सरला तरी उत्तरेश्वर उतरतच होता. पट्ट्याला नवी भोकं पाडली. मग गाल आत गेले. लोकांचं कौतुक आणखी वाढलं, कारण माणूस बारीक होत असला की तो कशानं होतोय हे कुणी विचारत नाही.

एक दिवस दुपारी तो गोदामात आला. मी नेहमीसारखा चहा मागवला. त्यानं कप हातात घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला. खिशातून पाण्याची बाटली काढली, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळलेली. ती सोडून दोन घोट घेतले आणि पट्टी पुन्हा गुंडाळली.

“चहा कावून सोडला रे?” मी विचारलं.

“चहात न्हाई काही, आप्पा. तुमच्या न्हाई.” तो दाराकडं बघत हळू बोलला. “घरच्या भाकरीत टाकतेत. मी वरचा पापुद्राच खातो फकस्त. आत काय मळलंय कोनाला म्हाईत.”

हे वजन उतरणं नव्हतं. हा माणूस उपाशी होता. घरच्या ताटावर भीत बसून उपाशी होता, आणि गाव त्याच्या कंबरेला टाळ्या वाजवत होतं. आणि त्या दिवशी जाताना त्यानं भाव विचारला नाही.

मी तसाच अभिमन्यूच्या घरी गेलो. ओसरीवर कार्यकर्ते बसलेले, समोर पोह्यांच्या ताटल्या. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, आजार परत आलाय, आजच बीडला न्या. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढाऱ्याचा हात, त्याला वजन नसतं, नुसता घाम असतो.

“आप्पा, डायटिंग करतोय त्यो. कंट्रोल हाय त्याचा. यात्रा होऊ द्या, मंग नेऊ.”

“यात्रेला अजून किती दिवस हायेत!”

“तुमी कापसाचं बघा ना आप्पा.”

मग मी छबुबाईला गाठायला आत गेलो, तर ती मुलीच्या बाळंतपणाला चौसाळ्याला गेलेली. फोनवर सांगितलं तर ती रडायला लागली, अभिला विचारते म्हणाली. अभिनं तिला काय सांगितलं असेल ते सांगायला नको. ती परत आली ती यात्रेच्या आदल्या दिवशी. तोपर्यंत घरात पाहुणे, आचारी आणि मंडपवाल्यांची झुंबड उडाली होती, आणि उत्तरेश्वरला अभिमन्यूनं शेतातल्या खोलीवर ठेवलं होतं. कशाला, तर म्हणे गडबडीत त्याला त्रास नको.

हनुमान जयंतीला सकाळीच मंडप भरला. माझा ताजवा मधोमध टांगला होता, दांडीला झेंडूच्या माळा. मागं अभिमन्यूचा फोटो असलेला फ्लेक्स, त्याच्या कोपऱ्यात बोटाएवढा मारुती. गुळाच्या ढेपा रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर माशा बसत होत्या. उन्हानं गूळ पाघळला होता. त्या गोड वासानं मला मळमळत होतं.

उत्तरेश्वरला आणलं. नवं धोतर, नवा फेटा. फेट्याखाली तोंड एवढंसं झालं होतं, डोळे तेवढे मोठे. दोघांनी दंडाला धरून त्याला पारड्यात बसवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं, “काय देखना दिसतोय राव!” मी त्याच्याकडं असं बघितलं की तो दोन माणसं सोडून लांब जाऊन उभा राहिला.

पहिली ढेप समोरच्या पारड्यात पडली. दांडी करकरली. दुसरी पडली. तिसरी. प्रत्येक ढेपेला हलगी वाजत होती आणि प्रत्येक वेळी उत्तरेश्वर अंग चोरत होता. दोन्ही हातांनी त्यानं साखळी पकडली. त्याच्या नजरेला मी ओळखीचा दिसलो असावा, कारण एकदा त्यानं माझ्याकडं बघितलं, मग काट्याकडं, मग गुळाकडं. इलेक्ट्रॉनिक काटा यायच्या आधी कापूस असाच तर मोजला जायचा. पारडं, वजन, आणि बाजूला उभा राहिलेला घेणारा. ते त्यानं लहानपणी माझ्याकडं वर्षानुवर्षं पाहिलेलं.

त्याचं पारडं जमिनीवरून सुटलं. फार लवकर सुटलं. रचलेल्या ढेपांपैकी निम्म्याही लागल्या नव्हत्या.

तो अधांतरी आला तसा हलगी थांबली, माईकवाला श्वास घ्यायला थांबला, आणि त्या शांततेत उत्तरेश्वर समोर बसलेल्या आईला म्हणाला, अगदी हळू, पण सगळ्यांनी ऐकलं.

“माय, भाव ठरला का माझा? कोनाला इकलं मला?”

छबुबाई जागची उठली. गर्दीतून वाट काढत पारड्यापाशी गेली. तिनं लेकाच्या गालाला हात लावला, दंड चाचपला, मनगट आपल्या दोन बोटांत धरून बघितलं. मग ती अभिमन्यूकडं वळली.

“डॉक्टरनं बंद केल्या म्हनलास ना रं? माझ्या गळ्याची आन घेतली ना तू?”

अभिमन्यू हसतच होता. फोटोवाला समोर होता ना.

“आई, खाली बस. सगळे बघतेत.”

“बघू दे.” ती मारुतीच्या गाभाऱ्याकडं तोंड करून उभी राहिली. तिला माईकची गरज नव्हती. “देवा, ह्यो तोल खोटा हाय. ह्यो गूळ घेऊ नगस. माझा लेक ह्याच्यापेक्षा जड हाय.”

मी पुढं झालो, पारडं खाली घेतलं, आणि मायलेकांना हाताला धरून बाहेर काढलं. मागं अभिमन्यूचा आवाज माईकवर आला. “आमच्या आई जरा भावुक झाल्या आहेत. एका आईचं काळीज आहे ते. बोला, पवनसुत हनुमान की...” आणि गर्दी ओरडली, “जय!” मी मागं वळून पाहिलं तर त्या गुळाचे तुकडे करून द्रोणात वाटायला सुरुवातही झाली होती. गाव बोटं चाटत होतं. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण ह्या गाढवांना चव चांगली कळत होती, फक्त कशाची ती कळत नव्हती.

त्याच पिकअपमधून, त्याच रस्त्यानं आम्ही पुन्हा बीडला गेलो. तो मधे बसला होता, आईच्या पदराचं टोक मुठीत धरून. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, मला कुणी विचारायला आलं नाही आणि मी कुणाला बंद करायला सांगितलं नाही. वजनाचा त्रास होता तर मला सांगायचं. गोळी बदलून बघता येते, हळूहळू, माझ्या नजरेखाली. अशी एकदम तोडायची नसते. छबुबाईनं लेकाच्या फेट्याचे वेढे सोडले आणि त्यानंच त्याचा घाम पुसला.

काही आठवडे त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली. छबुबाई तिथून आली ती थोरल्याच्या घरी गेलीच नाही, धाकट्याला घेऊन शेतातल्या खोलीवर राहिली. गोळी ती स्वतःच्या हातानं देते आणि त्यानं गिळलेली बघते.

अभिमन्यू निवडून आला. येणारच. मंडपातला तो फोटो त्यानं चौकात फ्लेक्सवर लावला होता, अधांतरी उत्तरेश्वर, शेजारी हात जोडलेला भाऊ, खाली ‘बंधुप्रेमाचा आदर्श’. लोक अजून त्या फोटोकडं बोट दाखवून म्हणतात, तेव्हा कसा बारीक झाला होता, परत सुटायला लागला बघा. निकालानंतर हरिओम माझ्याकडं आला होता, दादांची पेढेतुला करायची, ताजवा द्या. मी म्हणालो, ताजवा देतो, पण दुसऱ्या पारड्यात तुझ्या दादानं घेतलेल्या शपथा ठेवा. तो परत आला नाही.

परवा दसऱ्याच्या आधी छबुबाई गोदामात आली. मागं उत्तरेश्वर, डोक्यावर गुळाच्या ढेपांचं पोतं. आणखी पोती बाहेर बैलगाडीत होती. मंडप नव्हता, हलगी नव्हती. ती म्हणाली, “आप्पा, ताजवा सोडा खाली. देवाचं राहिलंय.”

“त्याला इचारलं का?” मी म्हणालो. पुन्हा त्या पारड्यात त्याला बसवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

“मीच म्हनलो मायला,” उत्तरेश्वर म्हणाला, आणि चपला काढून स्वतःच पारड्यात जाऊन बसला. गाल भरले होते. पोट सुटलं होतं, पूर्वीएवढं नाही, पण सदऱ्याची बटणं ताणण्याइतकं. त्यानं सदरा खाली ओढला नाही.

छबुबाई एक एक ढेप ठेवत गेली. मंडपात लागल्या होत्या तेवढ्या झाल्या तरी त्याचं पारडं जमिनीला घट्ट चिकटलेलं. तिच्या तोंडावर हसू यायला लागलं. “अजून ठिवा आप्पा,” ती म्हणाली. “उठंना की माझं लेकरू.” मी ठेवत होतो, माझ्या हाताला गूळ चिकटत होता, आणि कित्येक महिन्यांनी त्या वासानं मळमळलं नाही.

दांडी सरळ व्हायला आली होती. उत्तरेश्वर मांडी घालून बसला होता, बाहेर उभ्या असलेल्या कापसाच्या गाडीकडं बघत. मी पुढची ढेप उचलली तेव्हा त्यानं मान माझ्याकडं वळवली.

“आप्पा,” तो म्हणाला, “भाव काय चाललाय?”

छबुबाईनं पदर तोंडाला लावला. मी ढेप हातातच धरून कापसाचा भाव सांगितला. त्यानं मान डोलवली आणि म्हणाला, लई कमी हाय.